बोटींचा लांब दौरा: आधी बंदरं ठरवा, रस्ता मागून आखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं आणि अकरा वर्षांची मुलगी, भारतीय पासपोर्ट, शेंगेनमधल्या (आपसांतल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) एका देशाचा निवासी परवाना आणि तिथेच नोंदलेली स्वतःची गाडी. जूनच्या सुरुवातीपासून चार महिने हाताशी आहेत आणि आइसलँड, ग्रीस, मोरोक्को एकाच दौऱ्यात करायचे आहेत. रस्ता आखून झाला, रोजचे किलोमीटरही ठरले. आता त्यात बोटी कशा बसवायच्या आणि मोकळे दिवस किती ठेवायचे, एवढं तुम्ही विचारलंय.

सोळा वर्षं असे दौरे स्वतःच्या गाडीने करतोय, इतरांचेही आखून देतो. तेव्हा मनापासून सांगतो, तुमचा क्रम उलटा झालाय. रोजचे किलोमीटर सध्या खोडून टाका. रस्ता लवचीक असतो. एखाद्या दिवशी चारशेऐवजी दोनशे किलोमीटर झाले तर दुसऱ्या दिवशी भरून काढता येतात. बोट मात्र तिच्या वेळेला सुटते. म्हणून आधी फक्त बोटी कागदावर मांडायच्या, त्या खुंट्या घट्ट ठोकायच्या आणि मधला रस्ता त्यांच्यावर दोरीसारखा सैल सोडायचा.

सगळ्या खुंट्या सारख्या नसतात. लोक बोटीचं मोजमाप प्रवासाच्या तासांवरून करतात. मी एकच गोष्ट बघतो: ही बोट चुकली तर गाडीसकट जागा मिळेल अशी पुढची बोट कधी? ‘गाडीसकट’ हा शब्द महत्त्वाचा, कारण पायी प्रवाशाला जागा मिळते तेव्हाही वाहनांचा मजला भरलेला असू शकतो. इटलीत व्हिला सान जोव्हान्नीहून मेसिनाला जाणारी बोट चुकली तर थोड्या वेळात दुसरी मिळते. नॉर्वेच्या ई-39 रस्त्यावर फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, ओलांडणाऱ्या बोटींना आरक्षण लागत नाही, पैसे नंबरप्लेट वाचून कापले जातात. अशा बोटींना मी बोट म्हणून धरतच नाही, त्या तरंगत्या पुलासारख्या असतात. ग्रीस-इटली मार्गावरच्या रात्रीच्या बोटी चुकल्या तर एक दिवस जातो, ऐन हंगामात दोन-तीन. डेन्मार्कच्या हिर्ट्सहाल्सहून फेरो बेटांवरून आइसलँडच्या सेयिद्सफ्योर्दुरला जाणारी नोरोना ही बोट मात्र आठवड्यातून एकदाच आइसलँडला पोहोचते, आणि उन्हाळ्यात पुढच्या आठवड्याच्या बोटीतही गाडीला जागा असेलच असं नाही. ती चुकली म्हणजे आइसलँड हातचं गेलं.

याच्याही पलीकडे चौथा प्रकार आहे. तुमच्या मार्गावर तो नाही, पण पुढे कधी मोह होईल म्हणून सांगतो. कॅस्पियन समुद्रावर अझरबैजानच्या आलातहून कझाकस्तानच्या कुरिककडे जाणाऱ्या बोटींना पक्कं वेळापत्रक नसतं. माल भरला, वारा पडला की सुटतात. तिथे बंदरात चार-पाच दिवस बसून राहणं ही नेहमीची गोष्ट आहे. शिवाय अझरबैजानने मार्च 2020 मध्ये आपल्या जमिनीवरच्या सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या आणि ती बंदी पुन्हा पुन्हा वाढत गेली. त्यामुळे बोट असूनही तिच्यापर्यंत गाडीने पोहोचायचा रस्ता नाही, अशी स्थिती वर्षानुवर्षं राहिली. म्हणून नकाशावर समुद्रात तुटक रेघ दिसली तर तीन गोष्टी तपासा: ती बोट आज चालते का, गाडी घेते का, आणि त्या बंदरापर्यंत रस्ता उघडा आहे का. पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये डारिएनचं सुमारे शंभर किलोमीटरचं जंगल आहे, त्यातून रस्ता नाही. तिथे मोटारवाहू बोट सुरू करण्याचे प्रयत्न झाले, टिकले नाहीत. लोक आजही गाडी कंटेनरमध्ये घालून पाठवतात आणि स्वतः विमानाने जातात.

आता तुमचा दौरा. आइसलँड, मग ग्रीस, मग मोरोक्को हा क्रम बरोबर आहे, पण तारखा चुकल्या आहेत. जुलैच्या शेवटी एड्रियाटिक ओलांडून ग्रीसला जायचं तुम्ही धरलंय. त्याच दिवसांत अर्धा युरोप सुट्टीसाठी दक्षिणेकडे निघतो आणि 15 ऑगस्टच्या इटालियन सणाभोवती तर गर्दीचा कळस होतो. हाच समुद्र 20 ऑगस्टनंतर ओलांडलात तर गर्दी समोरून, परतीच्या दिशेने येत असते आणि तुमच्या बाजूच्या बोटीत जागा असते. मोरोक्कोचंही तसंच. युरोपात राहणारी मोरोक्कन कुटुंबं उन्हाळ्यात गाड्या भरून गावी जातात. स्पेन आणि मोरोक्को मिळून दरवर्षी त्यासाठी खास व्यवस्था करतात, ती साधारण 15 जून ते 15 सप्टेंबर चालते, आणि या काळात जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडणाऱ्यांची संख्या लाखांत असते. तुम्ही 18 सप्टेंबरच्या आसपास स्पेनच्या आल्हेसिरास बंदरात पोहोचा. तेव्हा बंदर पुन्हा मोकळा श्वास घेत असतं.

तारखा बदलायचं दुसरं कारण याहून मोठं आहे, आणि तुमच्या आराखड्यात त्याचा उल्लेखच नाही. एका शेंगेन देशाचा निवासी परवाना असला तरी इतर शेंगेन देशांत मिळून कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. स्वतःच्या परवान्याच्या देशातले दिवस मोजले जात नाहीत, मोरोक्कोतले नाहीत. पण आइसलँड शेंगेनमध्ये आहे, ग्रीस आहे, आणि नुसतं ओलांडायचं म्हणून डेन्मार्क, इटली, स्पेनमध्ये घालवलेले दिवसही त्यात येतात. तुमच्या आराखड्याप्रमाणे बेरीज केली तर आकडा शंभरच्या पुढे जातो. आतल्या सीमांवर शिक्का बसत नाही म्हणून कळणार नाही, असं समजू नका. मोरोक्कोहून परत येताना स्पेनमध्ये पासपोर्ट तपासला जातो आणि बोटींची तिकिटं तुमच्या नावावर असतात.

म्हणून माझा सल्ला असा. 5 जूनला निघा, आइसलँड करा, 15 जुलैच्या सुमारास घरी परत या. जवळजवळ चार आठवडे घरीच थांबा. गाडीची सर्व्हिसिंग करा, टायर बघा, मुलीला जरा तिच्या मैत्रिणींत राहू द्या. 10 ऑगस्टला पुन्हा निघा. असं केलं की परतीच्या प्रवासासकट आकडा पंच्याऐंशीच्या आसपास येतो आणि अडचणीसाठी चार-पाच दिवस हातात राहतात. सलग चार महिने गाडीत राहण्याचं तुमचं स्वप्न मला कळतं. पण लहान मूल बरोबर असताना मध्ये घर लागलेला दौरा जास्त आनंदाचा होतो, हे मी अनेक कुटुंबांच्या बाबतीत पाहिलंय.

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर फेरो बेटांचंही सांगतो. नोरोना वाटेत तिथल्या तोर्शाव्नला थांबते. फेरो बेटं डेन्मार्कच्या राज्यात असली तरी शेंगेनमध्ये नाहीत, आणि डेन्मार्कने दिलेल्या व्हिसावरही तिथली स्वतंत्र नोंद असावी लागते. तुमचा परवाना तिथे आपोआप चालेल असं धरू नका. तिकीट काढण्याआधी बोट कंपनीला आणि डॅनिश दूतावासाला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. मोरोक्कोचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

आता मोकळे दिवस. बहुतेक लोक ते दौऱ्याच्या शेवटी राखतात, घरी पोहोचायला उशीर झाला तर असावेत म्हणून. तिथे त्यांचा काही उपयोग नाही. मोकळा दिवस बोटीच्या आधी हवा आणि शक्यतो बंदराजवळ हवा. आठवड्यातून एकदा सुटणाऱ्या बोटीआधी मी पूर्ण दोन दिवस ठेवतो आणि आदली रात्र बंदराच्या गावातच काढतो. रोजच्या रात्रीच्या बोटीसाठी एक दिवस. सामुद्रधुनीच्या बोटींसाठी अर्धा दिवस पुरतो, पण जिब्राल्टरला मी एक पूर्ण दिवस देतो, त्याचं कारण पुढे येईल. एका बोटीतून उतरून त्याच दिवशी दुसरी पकडायची असं कधीही आखू नका. पहिलीचा उशीर दुसरीच्या कंपनीला बंधनकारक नसतो.

सेयिद्सफ्योर्दुरचं एक भौगोलिक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. ते गाव फ्योर्डच्या टोकाला आहे आणि बाहेर पडायचा रस्ता फ्यार्दरहेइदीच्या सुमारे 600 मीटर उंचीच्या घाटातून जातो. जूनमध्येही तिथे दाट धुकं असू शकतं. परतीच्या बोटीआधी तुमचा मुक्काम घाटाच्या आत, गावातच हवा. बंद घाटाच्या पलीकडे उभं राहून बोट सुटण्याची वेळ मोजणारी माणसं मी पाहिली आहेत. बेटाला वळसा घालणारा रिंग रोड जेमतेम 1,300 किलोमीटरच्या थोडा वर आहे, त्यामुळे चार आठवडे तुम्हाला भरपूर होतील. आतल्या डोंगराळ भागातले एफ क्रमांकाचे रस्ते बर्फ वितळेल तसे जूनच्या उत्तरार्धापासून उघडत जातात आणि तिथे फोर-व्हील ड्राइव्हच लागते. तुमची गाडी तशी नाही, तेव्हा तो मोह सोडा.

आरक्षण करताना सगळ्यात जास्त चुका मापांत होतात. गाडीच्या पुस्तकातली लांबी-उंची देऊ नका. छतावरची पेटी, मागचा सायकल स्टँड, ट्रेलर ओढायचा हूक असं सगळं लावून, सामान भरून गाडी सपाट जागी उभी करा आणि टेपने मोजा. बोटीवर जागा लांबीवर विकली जाते. उंची ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की गाडी मोटारींच्या बुटक्या मजल्यावरून ट्रकच्या मजल्यावर जाते आणि भाडं बदलतं. माझ्या पहिल्या दौऱ्यात छतावरची पेटी मी मोजलीच नव्हती. बंदरावर फरक भरायची माझी तयारी होती, पण उंच मजल्यावर जागाच शिल्लक नव्हती. पेटी काढून, सामान मागच्या सीटवर मुलांच्या मांडीवर रचून आम्ही चढलो आणि पुढची रात्र तसेच अवघडून काढली.

प्रवाशांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षरन् अक्षर भरा. हा कंपनीचा हट्ट नाही. 28 सप्टेंबर 1994 च्या रात्री एस्टोनिया ही मोटारवाहू बोट बाल्टिक समुद्रात बुडाली आणि 852 माणसं गेली. त्यानंतर युरोपीय संघाने 1998 मध्ये बोटीवरच्या माणसांची मोजणी आणि नोंद सक्तीची केली. बोट चालू असताना वाहनांच्या मजल्यावर थांबू देत नाहीत, त्यामागेही अशाच दुर्घटनांचा धडा आहे. 1987 मध्ये झीब्रुगहून निघालेली हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ पुढचे दरवाजे उघडे राहिल्याने बंदराबाहेर पडताच कलंडली होती, त्यात 193 जणांचा जीव गेला. मोटारींचा मजला म्हणजे आडभिंती नसलेलं लांबलचक दालन. त्यात पाणी शिरलं की ते एका बाजूला धावतं आणि बोटीचा तोल फार लवकर जातो. मुलीला हे घाबरवण्यासाठी नाही, पण समजावून जरूर सांगा. कारण कळलं की ‘वर चला’ म्हटल्यावर ती रेंगाळणार नाही.

म्हणूनच एक पाठपिशवी आधीच भरून हाताशी ठेवा: पासपोर्ट, गाडीचे कागद, औषधं, चार्जर, सगळ्यांचे गरम कपडे, रात्रीची बोट असेल तर दात घासायचं सामान. एकदा मजला बंद झाला की पोहोचेपर्यंत गाडीजवळ जाता येत नाही. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, आणि चोरीच्या अलार्ममधला हालचाल ओळखणारा सेन्सर बंद करा. तो चालू राहिला तर बोटीच्या डोलण्याने अलार्म रात्रभर वाजतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. मागे दोनशे गाड्या खोळंबलेल्या असताना हे फार जड जातं. कुठल्या मजल्यावर, कुठल्या जिन्याजवळ गाडी आहे त्याचा फोटो काढा. स्वयंपाकाचा गॅस असेल तर सिलिंडरचा कॉक बंद करा. इंधनाचे जादा कॅन बहुतेक कंपन्या चढवू देत नाहीत, ते रिकामेच न्या.

रात्रीच्या बोटीवर पैसे वाचवायला खुर्ची घ्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. गाडी चालवणाऱ्याला केबिन घ्याच. बोट पहाटे लागते आणि न झोपलेला माणूस परक्या देशाच्या रस्त्यावर उतरतो, हे मला या सगळ्या प्रवासात सर्वांत धोक्याचं वाटतं. उतरल्याच्या दिवशी 150 किलोमीटरहून जास्त आखू नका. उत्तर अटलांटिकमध्ये बोट हलते. केबिन खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यभागी मागा, तिथे डोलणं सर्वांत कमी जाणवतं. मळमळीची गोळी बोट सुटण्याआधी घ्यायची असते, त्रास सुरू झाल्यावर नाही. मुलीला कुठली चालेल ते डॉक्टरांना आधीच विचारा.

ग्रीसहून स्पेनला येताना सगळा किनारा गाडीने पार करू नका. ग्रीसच्या इगुमेनित्साहून इटलीतल्या बारीला या, इटली आडवी ओलांडून चिविताव्हेक्कियाला जा आणि तिथून बार्सिलोनाची बोट घ्या, साधारण वीस तासांची. हजारभर किलोमीटर वाचतात, शिवाय हाडांना विश्रांती. इटलीतल्या जेनोवाहून थेट मोरोक्कोच्या टँजियर मेड बंदराला जाणारी बोटही आहे, दोन दिवसांहून थोडी जास्त लागते. ती घेतलीत तर एक नीट लक्षात ठेवा: मोरोक्कोची पासपोर्ट तपासणी बोटीवरच होते. प्रवासात कधीतरी टेबल मांडून अधिकारी बसतात आणि रांग लागते. झोपेत ती वेळ गेली तर उतरताना तुम्ही आणि तुमच्यामुळे तुमची गाडी, दोघंही अडकता.

मोरोक्कोत गाडीलाही जणू पासपोर्ट असतो. कस्टम्सवाले गाडीची तात्पुरत्या आयातीची नोंद एका माणसाच्या नावावर करतात. परदेशी गाडी तिथे वर्षात एकूण सहा महिने राहू शकते. ज्याच्या नावावर नोंद आहे त्याने गाडीसकट बाहेर पडावं लागतं. एका दौऱ्यात माझ्या मित्राच्या वडिलांना अचानक दवाखान्यात हलवलं आणि त्याला विमानाने परतायचं होतं. गाडी माझी होती, पण बंदरावर चाक त्याच्या हातात होतं म्हणून नोंद त्याच्या नावे झालेली. ती बदलून घेण्यात आमचे दोन दिवस गेले आणि ते दोन दिवस त्याच्यासाठी फार मोलाचे होते. तेव्हा बोटीतून उतरताना गाडी अशा माणसाने चालवावी ज्याला घरून तातडीचं बोलावणं येण्याची शक्यता कमी आहे. नोंदणीचं मूळ पुस्तक न्या. गाडी कंपनीच्या नावावर किंवा भाडेपट्ट्यावर असेल तर मालकाचं अधिकारपत्र लागेल.

विम्याचं ग्रीन कार्ड, म्हणजे परदेशातही गाडीचा विमा लागू असल्याचा दाखला, आज पांढऱ्या कागदावर छापलेलंही चालतं, पण त्यावरच्या देशांच्या चौकटी नीट बघा. ‘एमए’ ही मोरोक्कोची चौकट. तिच्यावर फुली असेल तर तिथे तुमचा विमा नाही. कंपनी ती खुली करून देते का विचारा, नाहीतर बंदरावर सीमा-विमा विकत मिळतो. ड्रोन घरी ठेवा, मोरोक्कोत ते कस्टम्सकडे जमा होतं.

जिब्राल्टरला पूर्ण दिवस का, ते आता सांगतो. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे 14 किलोमीटर आहे, पण दोन्ही बाजूंच्या डोंगरांमधून पूर्वेचा लेवांते वारा चाळणीतून दाबून यावा तसा येतो. स्पेनच्या तारिफाहून थेट टँजियर शहरात जाणाऱ्या वेगवान बोटी अशा वाऱ्यात बंद ठेवतात, तेव्हा आल्हेसिरासच्या मोठ्या बोटी बऱ्याचदा चालू असतात. म्हणून तुम्ही आल्हेसिरास ते टँजियर मेड हाच मार्ग धरा. टँजियर मेड हे शहराच्या पूर्वेला सुमारे 40 किलोमीटरवरचं वेगळं बंदर आहे, शहरातला मुक्काम आखताना हे अंतर धरा. घड्याळही सांभाळा. उन्हाळ्यात मोरोक्को स्पेनपेक्षा एक तास मागे असतो आणि फोन सामुद्रधुनीच्या मध्यावर कुठली वेळ धरेल सांगता येत नाही. तिकिटावरची वेळ सुटण्याच्या बंदराची स्थानिक वेळ असते.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा. नोरोनाची दोन्ही बाजूंची जागा हिवाळ्यातच पक्की करा, बाकी सगळा दौरा तिच्या तारखांवर बसवा. एड्रियाटिक आणि बार्सिलोनाची बोट दोन-तीन महिने आधी, तारीख बदलता येईल अशा तिकिटावर. युरोपीय संघाच्या 1177/2010 या नियमाने बोट रद्द झाली किंवा दीड तासाहून जास्त उशीर झाला तर पैसे परत किंवा दुसऱ्या मार्गाने प्रवास, यातलं एक निवडता येतं. लांबलेल्या उशिरासाठी भाड्याच्या 25 ते 50 टक्के भरपाईही आहे, पण हवामानामुळे उशीर झाला असेल तर ती मिळत नाही आणि तुमच्या मार्गावर उशिराचं कारण बहुधा हवामानच असेल. म्हणून भरपाईवर विसंबू नका, मोकळ्या दिवसांवर विसंबा. जिब्राल्टरची परतीची वेळ मात्र आधी ठरवू नका, खुलं तिकीट घ्या. खुल्या तिकिटावर उशिराची भरपाई नसते, तरीही घ्या. त्यामुळे मोरोक्कोतला शेवटचा आठवडा बोटीच्या वेळेकडे न पाहता घालवता येईल, आणि वारा पडलेला दिवस बघून निघता येईल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्या बंदरावर गाडीला त्याच दिवशी जागा न मिळाल्याचं मला तरी आठवत नाही.